डॅक घेण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

जुन्या अँप्लिफायरला वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग विद्युत संकेत करणारा डबा, जोडावा का, असं तू विचारतोस. दुकानदाराने तीस हजारांचा दाखवल्यापासून तुझं मन तिकडे ओढतंय, हेही कळतंय. पण पैसे काढण्याआधी तुझ्या घरात डिजिटलचं ॲनालॉग नेमकं कुठे होतं ते शोध. फोन, लॅपटॉप, सीडी प्लेअर, ब्लूटूथ स्पीकर, सगळ्यांच्या पोटात डॅक असतोच. ॲपलची यूएसबी-सीला लावायची ती बोटभर हेडफोन वायरसुद्धा डॅकच आहे, आणि मोजमापात चांगली उतरते. तेव्हा आहे त्या डॅकमुळे तुझं काही अडतंय का, एवढंच बघायचं.

टीव्हीचं अडेल. आजच्या बऱ्याच टीव्हींना फक्त ऑप्टिकल आणि एचडीएमआय असतं, तुझ्या अँपला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना. तिथे डॅक घ्यावाच लागेल, पण साधा, स्वस्त चालेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर ठेव. डॉल्बीवर राहिलं तर साध्या स्टीरिओ डॅकमधून गाणं येणारच नाही.

लॅपटॉपचं कान लावून ठरव. रात्री घर शांत झालं की काहीही न वाजवता आवाज वाढव. माउस हलवल्यावर किरकिर येते? मग त्या जॅकमध्ये लॅपटॉपच्या आतली विद्युत गडबड शिरते आहे, आणि बाहेरचा डॅक खरंच उपयोगी पडेल. जाडसर, एकसुरी घूं येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालव. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून तारांवाटे गोल फिरणाऱ्या विजेचा. हे नीट लक्षात ठेव, कारण इथे लोक महागडा यूएसबी डॅक आणतात आणि घूं तशीच राहते: यूएसबीच्या तारेतून तो फेरा पुन्हा पूर्ण होतो. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंध तुटतो, म्हणून लॅपटॉपला ऑप्टिकलची सोय असेल तर तोच मार्ग घे. नसेल तर यूएसबीच्या तारेतला विजेचा संबंध तोडणारा यूएसबी आयसोलेटर मिळतो.

पुढे कधी एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमासाठीचा डिजिटल जोडण्या असलेला अँप्लिफायर घेतलास आणि त्याला एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडलंस, तर रूपांतर रिसीव्हरच करेल. त्याला बाहेरच्या डॅकमधून ॲनालॉग दिलंस, तर खोलीमुळे आवाजात होणारा बिघाड सुधारण्यासाठी बरेच रिसीव्हर ते पुन्हा डिजिटल करतात आणि शेवटी स्वतःचाच डॅक वापरतात. मग तुझ्या तीस हजारांचं काय झालं?

किरकिर नाही, घूं नाही, जोडणीही जमते, तर थांब. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे 16 बिट म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 96 डेसिबलचा पल्ला, आणि तो नीट पेलणारी चिप आज फार स्वस्त आहे. मेयर आणि मोरान यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीहून बारीक तपशिलाचं ध्वनिमुद्रण मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवलं, तरी ऐकणाऱ्यांना नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर फरक ओळखता आला नाही. दुकानात जो फरक जाणवतो तो पुष्कळदा नुसत्या मोठ्या आवाजाचा असतो. वेगळे डॅक साधारण दोन व्होल्ट देतात, फोन-लॅपटॉप बहुधा त्याहून कमी. तुलना करायचीच तर शंभर हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटर धर, दोन्हींचे व्होल्ट एका टक्क्याच्या आत जुळव, आणि अदलाबदल दुसऱ्याला करायला सांग. तुला न बघता ओळखता आलं, तर खुशाल घे.

माझं मत विचारशील तर ते पैसे स्पीकर आणि खोलीवर घाल. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या आपल्या खोल्यांत खालचे सूर दहा-दहा डेसिबलनी वरखाली होतात. तंबोऱ्याचा खर्ज घुमून बाकीचं गाणं झाकतो ते बहुतेक वेळा कोपऱ्यात ढकललेल्या स्पीकरमुळे. ते भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढ, समोर जाड जाजम टाक आणि आठवडाभर ऐक.

अँपच्या मागच्या बाजूचा आणि टीव्हीच्या पिनांचा फोटो पाठव. कुठली केबल लागेल ते मी लगेच कळवतो.

तुझा,
काका