कारमार्दनच्या तिघी आणि तुमच्या शंका

गेल्या अंकात या पानाच्या तळाशी 'आद्वाइथ' या वेल्श बँडबद्दल मी सहा ओळी खरडल्या होत्या. पश्चिम वेल्समधल्या कारमार्दन गावच्या तीन मुली, गातात वेल्शमध्ये, कान असतील तर ऐका, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे प्रश्न मागे ठेवले आहेत. किशोरीताईंच्या भूपाबद्दल विचारणाऱ्या कराडच्या काकांनी महिनाभर धीर धरावा.

*प्रश्न : ताई, तुम्ही सांगितलेला बँड ऐकला. मस्त वाटलं, पण एक शब्द कळत नाही. गाण्यांचे अर्थ शोधत बसू का? आणि नेमकी सुरुवात कुठून करू? — इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, डोंबिवली*

अर्थ शोधायला हरकत नाही, पण चार दिवसांनी. मी तीस वर्षं रेडिओच्या स्टुडिओत टेप कापण्यात घालवली. अर्थ कळत नसलेलं गाणं जास्त नीट ऐकू येतं, हे मला तिथं कळलं. शब्द समजले की कान आळशी होतो.

तू आधी बेस पकड. ग्वेनल्लियन अँथनी ही मुलगी बेस गिटार वाजवते. बऱ्याच बँडमध्ये बेस म्हणजे घराचा पाया, असतो पण दिसत नाही. इथं चाल बेसवर चालते आणि गिटार तिच्या अवतीभवती घिरट्या घालते. गिटार आणि मुख्य आवाज हॉली सिंगरचा (आडनाव खरंच सिंगर आहे, मी गंमत करत नाही). ड्रम्सवर हेलेद ओवेन. २०१५ च्या सुमारास या तिघी एकत्र आल्या. तेव्हा त्या तुझ्याहूनही लहान असतील. बँडच्या नावाचा अर्थ 'प्रतिक्रिया'.

आता रेकॉर्ड्स. पहिला अल्बम 'मेलिन', म्हणजे 'पिवळा', २०१८ चा. तो ऐकताना खोलीत ऊन कमी आहे असं वाटतं. गिटार पातळ, आवाज थोडा दूर, मध्ये मध्ये लोकसंगीताची झुळूक. छोट्या गावात वय वाढतं, तशी गावाची ऊब आणि गावाचा कंटाळा दोन्ही एकदम वाढतात, तो सगळा मामला. त्यातल्या 'गार्त्रेव', म्हणजे 'घरी', या गाण्याचं रीमिक्स मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या गाजलेल्या वेल्श रॉक बँडच्या जेम्स डीन ब्रॅडफील्डने केलं. वेल्समध्ये हे काय प्रकरण असेल ते तुला सांगायला नको. आपल्या गल्लीतल्या पोरीची चीज थोरल्या बुवांनी मैफलीत घ्यावी, तसं.

दुसरा 'बातो मातो', २०२२. याच्या मागे एक प्रवास आहे. २०१९ मध्ये या मुली सायबेरियातल्या उलान-उदे शहरात वाजवायला गेल्या होत्या. बैकल सरोवराच्या पलीकडे, बुर्यातियात. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने लांबचा पल्ला त्यांनी कापला आणि तिथं भेटलेल्या वाटाड्याच्या नावावरून अल्बमचं नाव ठेवलं. गाण्यांत मला रेल्वे ऐकू येते ती आधी माहीत असल्यामुळे, का ती खरंच त्यात आहे, हे मी शपथेवर सांगणार नाही, पण ड्रम्स पहिल्यापेक्षा सरळ धावतात, मागचा आवाका मोठा झालाय आणि कुठंतरी खिडकीबाहेर फक्त बर्फ आहे. तुझी सुरुवात इथून कर. 'एतो' हे गाणं आधी लाव. 'एतो' म्हणजे 'पुन्हा', आणि तू ते पुन्हा लावशीलच.

तिसरा 'सोलास', फेब्रुवारी २०२५. नाव वेल्श नाही, आयरिश आणि स्कॉटिश गेलिकमधलं आहे. अर्थ 'उजेड'. गाणी तेवीस! मी संपादक असते तर सहा कापली असती. कोणती सहा, ते मात्र तीनदा ऐकूनही माझं ठरत नाही. पहिल्यांदा चार दिवसांत वाटून ऐक. एका बैठकीत ऐकलंस तर पंधराव्या गाण्यानंतर सगळ्यांचा काला होतो.

अर्थ हवाच असेल तर एक घे. 'वेदी ब्लिनो', म्हणजे 'दमलेय'. भाषेच्या अभिमानाची गाणी असतील अशा समजुतीने लोक या बँडकडे येतात आणि समोर येतं 'दमलेय'. मला त्या आवडतात त्या याच कारणाने. त्या भाषेसाठी गात नाहीत. घरात, गावात, मैत्रिणींशी जी बोलतात तिच्यात गातात.

*प्रश्न : आपण दिलेली नावे आणि अल्बमवरचे स्पेलिंग यांचा मेळ बसत नाही. या भाषेत स्वर नसतात काय? — निवृत्त शिक्षक, सातारा*

सर, स्वर भरपूर आहेत, आपण ते इंग्रजीच्या चष्म्यातून शोधतो म्हणून दिसत नाहीत. इंग्रजी 'डब्ल्यू' हा वेल्शमध्ये बहुतेक वेळा सरळ 'उ' किंवा 'ऊ' असतो. बिअरला 'कुरू' म्हणतात. पाण्याला म्हणतात 'दूर'. एकेरी 'एफ' म्हणजे 'व', दुहेरी 'एफ' म्हणजे 'फ'. दुहेरी 'डी' आपल्या 'द'च्या शेजारघरी राहतो, फक्त जीभ दातांना हलकेच लावून हवा जाऊ द्यायची. एकदा नियम कळले की जसं लिहिलं तसं वाचायचं, इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही. देवनागरीवर वाढलेल्या माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर जमतं, हा माझा अनुभव.

२०२२ मध्ये लेक स्वान्सीला होती, तिच्याकडे मी पावसाळ्यापासून नाताळापर्यंत राहिले. तिथं प्रत्येक वळणाआधी रस्त्यावर पांढऱ्या रंगात एक शब्द रंगवलेला. मी तो आठवडाभर 'अराफ' वाचत होते. मग कळलं, उच्चार 'आरव', आणि अर्थ 'सावकाश'. आपल्याकडे दर तिसऱ्या बारशाला हेच नाव कानात सांगतात. तेव्हापासून पाळण्यातला कुठलाही आरव किंचाळायला लागला की मला हसू येतं.

आपल्याला सगळ्यात परका ध्वनी म्हणजे दुहेरी 'एल'. जीभ 'ल'च्या जागी टेकवा, आवाज काढू नका, दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडा. मांजर फिसकारल्यासारखं झालं की बरोबर आलं. ग्वेनल्लियनचं नाव मी 'ल्ल' असं लिहिते ती माझी तडजोड आहे. आपण तपासणीच्या लाल पेनाने खूण करावी.

*प्रश्न : मुलगा कार्डिफला एम.एस्सी. करतो. तो म्हणतो, इथं कुणी वेल्श बोलताना ऐकलंच नाही. मग ही गाणी ऐकतं कोण? — एक आई, संभाजीनगर*

मुलगा खोटं बोलत नाही. कार्डिफ वेल्सची राजधानी, पण २०२१ च्या जनगणनेत तिथं वेल्श येणारे १२ टक्क्यांच्या आसपास निघाले. सगळ्या वेल्समध्ये मिळून ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के. वायव्येच्या ग्विनेदमध्ये मात्र निम्म्याहून कितीतरी जास्त. या मुलींचा कारमार्दनशर जिल्हा मधला : २०११ मध्ये ४३.९ टक्के होता, दहा वर्षांत ३९.९ वर आला. इतकी मोठी घसरण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात झाली नाही. सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषकांचं उद्दिष्ट ठेवलंय आणि आकडा मात्र खाली चाललाय. हे लक्षात ठेवून 'मेलिन' ऐकलात तर त्या साध्या गाण्यांखाली काय वाहतंय ते कळेल, जरी मुलींनी ते एकदाही बोलून दाखवलं नसलं तरी.

मुलाला सांगा, किल्ल्यासमोरच्या वुमनबी गल्लीत 'क्लुब इवोर बाख' नावाची जागा आहे, तिथं एका संध्याकाळी जा. १९८३ मध्ये वेल्श बोलणाऱ्यांसाठी ती सुरू झाली. आता सगळ्यांना दार उघडं असतं. नाव कुणाचं? इवोर बाख, म्हणजे छोटा इवोर, हा बाराव्या शतकातला डोंगरी सरदार. ११५८ मध्ये रात्री भिंत चढून तो याच किल्ल्यात शिरला आणि आतल्या अर्लला बायकामुलासकट उचलून घेऊन गेला. त्याच किल्ल्याच्या समोर त्याच्या नावाने गिटारी वाजवायच्या! शिवाजी महाराज आणि लाल महाल आठवल्याशिवाय राहत नाही मराठी माणसाला. (अभ्यास सांभाळून जायचं, हे तुमच्या वतीने मी लिहिते.)

*प्रश्न : आमचा मराठी रॉक बँड आहे. सगळे सांगतात हिंदी करा, इंग्रजी करा, नाहीतर स्ट्रीमिंगवर कोण विचारतंय. वेल्शवाल्यांनी हे कसं जमवलं? त्यांना पैसे मिळतात का? — गिटारवादक, कोल्हापूर*

पैशाचं आधी सांगते, कारण तेच कुणी सांगत नाही.

वेल्श गाणी सगळ्यात जास्त वाजायची ती बीबीसीच्या 'रेडिओ कम्री'वर. २००७ नंतर रॉयल्टी वाटायचं सूत्र बदललं आणि वेल्श गीतकार-संगीतकारांच्या हातात पडणारी रक्कम धाडकन खाली आली. बरीच वर्षं कुरकुर चालली. मग त्यांनी मोठ्या संस्थेतून आपले हक्क काढून घेतले आणि स्वतःची संस्था काढली, नाव 'एओस', म्हणजे नाइटिंगेल पक्षी. बीबीसीशी पैशावर एकमत होईना. १ जानेवारी २०१३ ला रेडिओ कम्रीच्या हातातून तीस हजारांवर गाणी गेली! वेल्श स्टेशन आणि वेल्श गाणी नाहीत. रेडिओत नोकरी केलेल्या बाईला विचारा, अशा सकाळी ड्युटीवर असणं म्हणजे काय. काही आठवड्यांनी तात्पुरता तोडगा निघाला, गाणी परत आली आणि प्रकरण लवादापुढे गेलं. वर्षअखेर निकाल लागला : वर्षाला एक लाख पौंड. एओसने मागितलं होतं त्याच्या आसपासही नाही. म्हणजे 'जमवलं' असं म्हणताना जरा जपून.

स्ट्रीमिंगचं म्हणाल तर लानरुगच्या 'आल्फा' या दोघांच्या बँडची गोष्ट बघा. एक गिटार, एक ड्रम्स, कडक ब्लूज-रॉक. त्यांचं 'ग्वेनविन' (अर्थ 'विष') डिसेंबर २०१८ मध्ये स्पॉटिफायवर दहा लाखांच्या पुढे गेलं. पूर्ण वेल्शमधलं तिथवर पोचलेलं ते पहिलं गाणं. वेल्श येणारी सगळी मंडळी धरूनही तो आकडा भरत नाही, तेव्हा ऐकणारे बाहेरचे बरेच असणार. त्या आधी, २००० मध्ये, सुपर फरी अ‍ॅनिमल्स या वेल्श बँडचा 'मुंग' हा संपूर्ण वेल्श अल्बम ब्रिटनच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेला होता. पार्लमेंटात त्याचं कौतुक नोंदवलं गेलं.

आणि आद्वाइथ? वेल्श म्युझिक प्राइझ २०११ पासून दिलं जातं, भाषा कुठलीही चालते, इंग्रजीतले अल्बम समोर असतातच. 'मेलिन'ला ते २०१९ मध्ये मिळालं, 'बातो मातो'ला २०२२ मध्ये. दोनदा जिंकणारा तोवर एकही नव्हता. तो निकाल मी लेकीच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. कढईत पोहे होते, ते लागले.

त्यांची रेकॉर्ड कंपनी 'लिबर्टिनो'सुद्धा कारमार्दनचीच. मला वाटतं तुमच्यासाठी कामाचं काही असेल तर ते इथं आहे. लंडनला बिऱ्हाड न हलवता गावातच रेकॉर्ड काढणारं कुणीतरी होतं. कोल्हापुरात असा माणूस शोधा. नसला तर तुमच्यातला जो सगळ्यात वाईट वाजवतो, त्याला करा.

हिंदीत गायचं की नाही हे मी कोण सांगणार! तुमची पाठवलेली दोन गाणी ऐकली. शब्द चांगले आहेत, पण 'र' आणि 'ळ' तुम्ही अमेरिकन करून गाता. कोल्हापूरच्या पोराने 'ळ' चोरावा?

*प्रश्न : मराठी मासिकात हे परदेशी बँड कशाला? आपले संगीत कमी आहे का? — नाव नको, पुणे*

कमी नाही. पुढच्या महिन्यात भूप आहे.

*प्रश्न : एलपी कुठं मिळेल? तुमच्याकडे आहे का? — संग्राहक, नागपूर*

बँडकॅम्प या संकेतस्थळावरून मागवता येते. टपालखर्च आणि कस्टम्स धरून हिशोब करा, नाहीतर रेकॉर्डपेक्षा खोकं महाग पडेल. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर कार्डिफच्या 'स्पिलर्स'मधून आणवा. ते दुकान १८९४ पासून चालू आहे, जगातलं सगळ्यात जुनं रेकॉर्डचं दुकान असं ते स्वतःला म्हणवतात.

माझी 'बातो मातो' तिथलीच. साडीच्या घड्यांत गुंडाळून सुखरूप पुण्याला आणली, विमानात मांडीवर धरली. आणि मग मे महिन्यात एका मैत्रिणीला ऐकवायला म्हणून निघाले, भाजी घ्यायला थांबले आणि ती गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात राहिली. अर्धा तास. आता कडेला लाट आहे. पहिल्या दोन गाण्यांत सुई दर फेरीला एकदा उचकी देते, तिसऱ्यापासून ठीक. देणार नाही.