गळा फाडून करिअर होते का?

प्रश्न: यवतमाळजवळच्या खेड्यातला आहो. दिवसा कापूस, रात्री गिटारवर सोताची मेटल (ओरडून गायचं दणदणीत रॉक) गाणी. बाबा म्हणतात हे काय करिअर आहे?

उत्तर: भाऊ, बाबा पूर्ण चूक नाहीत, पहिली काही वर्षं पैसा येत नाही असंच समज. पण दिल्लीचा ब्लडीवूड बँड ढोल घेऊन मेटल वाजवत यूट्यूबवरून वर आला अन् २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन या मोठ्या मेटल फेस्टिवलले पोचला, आपल्याकडं तर डफडं आहे ना बे! गाणं तूच लिहितो तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी (गाणं वाजलं की मिळणारा पैसा) गोळा करणाऱ्या संस्थेचा मेंबर हो, २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीपासून रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीले लिहून घेता येत नाही, तरी कागद वाचूनच सही कर. अन् गळा दुखला की ओरडणं तिथंच थांबव.