ऑक्सफर्डात एकच मनोरा चढायचा असेल तर

प्रश्न : ताई, जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडला जातोय. ऑक्सफर्डसाठी एकच दिवस मिळेल. तिथे म्हणे जिकडेतिकडे मनोरे. यांच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही, पण मला एक तरी मनोरा चढायचाच आहे. कोणता चढू? आणि तिथली एक घंटा रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके देते असं लेक सांगते, ते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सेंट मेरीचा चढा. मी त्या गावात चार वर्षं राहिले, घरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथेच नेलं. विद्यापीठाचं हे जुनं चर्च. मनोरा तेराव्या शतकातला, त्यावरचं निमुळतं शिखर चौदाव्यातलं. पायऱ्या १२७. शेवटचा गोल जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर एकाला मागे फिरावं लागतं. म्हणून सकाळी दार उघडल्या उघडल्या जा आणि खांद्यावर मोठी पिशवी घेऊ नका. वर पोचलात की रॅडक्लिफ कॅमेरा या गोल वाचनालयाचा घुमट अगदी समोर येतो, उजवीकडे ऑल सोल्स कॉलेजचे जुळे मनोरे. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकणारी दगडी तोंडंही जवळून बघा. आपल्या देवळातल्या गोमुखाचंच ते काम, फक्त इथे चेहरे अक्राळविक्राळ.

तोवर यजमानांना खाली ताटकळत ठेवू नका. कॅट स्ट्रीटने सरळ उत्तरेला गेलं की कोपऱ्यावर जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत लागते. संस्कृत कोशकार मोनियर विल्यम्स यांनी हिंदुस्थानात फिरून तिच्यासाठी देणग्या जमवल्या. तिच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबडा नाही, हत्ती आहे! पायाभरणीचा लेख तर संस्कृतात, देवनागरीत कोरलेला. परमुलखात आपली अक्षरं दगडात दिसली की पाय थबकतोच.

बहुतेक लोक कारफॅक्सचा मनोरा चढतात, कारण तो भर चौकात आहे. ९९ पायऱ्या. रहदारीला अडचण होते म्हणून तिथलं चर्च १८९६ मध्ये पाडलं, मनोरा तेवढा उरला. माझ्या मते वेळ उरला तर त्यापेक्षा सेंट मायकेलचा ओबडधोबड मनोरा बघावा. साधारण १०४० सालचा, गावातली सर्वांत जुनी उभी वास्तू. आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं स्वतंत्र राज्यही उभं राहिलं नव्हतं तेव्हाचे हे दगड! शेजारच्या वेशीवरच्या तुरुंगाचं जाड लाकडी दार आत जपून ठेवलंय. आपला धर्ममार्ग सोडला नाही म्हणून १५५५-५६ मध्ये ज्यांना जिवंत जाळलं, ते तीन धर्मगुरू याच तुरुंगात होते. त्या दारासमोर मी नेहमी गप्प होते.

आता घंटा. ती क्राइस्ट चर्च कॉलेजच्या टॉम टॉवरमध्ये आहे, वजन सहा टनांहून जास्त. प्रवेशद्वाराचं काम दीडशे वर्षं अर्धवट पडलं होतं. त्यावरचा मनोरा १६८१-८२ मध्ये वास्तुकार क्रिस्टोफर रेनने चढवला, आणि स्वतःची आवडती शैली बाजूला ठेवून खालच्या जुन्या कामाला शोभेल असा टोकदार कमानींचा गॉथिक घाट घेतला. त्याचा हा समंजसपणा मला फार मोठा वाटतो. मूळचे विद्यार्थी १००, पुढे एकाची भर पडली, म्हणून १०१ ठोके. दारं बंद व्हायची ती खूण. वेळ मात्र नऊचीच! ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या सव्वा अंश पश्चिमेला आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाच मिनिटं मागे. रेल्वेमुळे देशभर ग्रिनिचची एकच वेळ झाली, या घंटेने आपली सोडली नाही. तुमच्या आजोबांच्या पिढीला हे सांगावं लागलं नसतं. मुंबईनेही प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' विसाव्या शतकात कित्येक वर्षं चालवला होता.

ठोके ऐकायला आत जायची गरज नाही. समोरच्या फुटपाथवर दोघं उभे राहा, यजमानांना चढही नाही. मनोऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि जूनमध्ये नऊ वाजता तिथे अजून ऊन असतं.