लिहून झालं, आता पोचवायचं कसं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात ब्लॉगवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पोस्ट लिहायला मजा येते पण नंतर ती दहा ठिकाणी टाकत बसायचा कंटाळा येतो. त्यातली चार पत्रं इथे घेते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी निवृत्त शिक्षक, बार्शीला असतो. आमच्या भागातले जुने शब्द, शेतीच्या अवजारांची नावं असं वर्डप्रेसवर लिहून ठेवतो. लिहायला दोन तास आणि मग फेसबुक, ट्विटर, लिंक्डइन सगळीकडे चिकटवायला अजून एक तास. पूर्वी फेसबुकच्या माझ्या प्रोफाइलवर पोस्ट आपोआप जायची, मग बंदच झाली. माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून दोनदा सगळं काढून परत जोडलं तरी जात नाही. काय करू?

उत्तर : सर, तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगते. १ ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या ॲपना माणसाच्या वैयक्तिक प्रोफाइलवर पोस्ट टाकायला बंदी केली, त्यामुळे कितीही वेळा जोडलंत तरी ते चालणार नाही. फेसबुक पेजवर मात्र अजूनही चालतं. ग्रुपमध्येही आधी चालायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं. म्हणजे तुम्ही ब्लॉगच्या नावाने एक पेज काढा, पोस्ट तिथे आपोआप जाऊ दे आणि पेजवरून स्वतःच्या प्रोफाइलवर शेअर तेवढं हाताने करा, दोन टॅपचं काम आहे. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तिथे २०२३ मध्ये बाहेरच्या ॲपना पोस्ट करू देण्याचे भरमसाठ पैसे मागायला सुरुवात झाली आणि वर्डप्रेसला जोडायच्या जेटपॅक ह्या प्लगइनसकट बऱ्याच जणांनी ती सोयच काढून टाकली. तिथे टाकायचं तर हाताने, नाहीतर एखाद्या सेवेला पैसे मोजून.

वर्डप्रेसवर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जेटपॅक सोशल, पूर्वी ह्याचंच नाव पब्लिसाइज होतं. त्यात पेज, लिंक्डइन, थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन ही खाती एकदा जोडली की पब्लिश दाबल्यावर पोस्ट तिकडे जाते. पण पहिल्यांदा पब्लिश कराल तेव्हाच जाते हं, नंतर दुरुस्ती करून अपडेट दाबलंत तर परत जात नाही, आणि हे बरंच आहे, नाहीतर शुद्धलेखनाची एक चूक सुधारली की लोकांना तीच पोस्ट पुन्हा दिसली असती.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. पब्लिशच्या आधी तिथे मेसेज लिहायला एक चौकट येते, ती रिकामी सोडली तर पेजवर नुसतं शीर्षक आणि लिंक जाते. तुमची तिफणीवरची पोस्ट असेल आणि पेजवर "तिफण" एवढाच शब्द आणि खाली लिंक असेल तर शहरात वाढलेला माणूस थांबेल कशाला? त्याच जागी "चाड्यावर मूठ धरायचं काम घरातल्या जाणत्या माणसालाच का द्यायचे?" असं लिहिलंत तर ज्याने लहानपणी पेरणी बघितलीय तो हमखास थांबतो. पोचवायचं काम मशीनला द्या पण हे एक वाक्य देऊ नका, ते तुम्हीच लिहायचं.

आणि उद्या जेटपॅकनेही काही बंद केलं तर? म्हणून फीड समजून घ्या. प्रत्येक ब्लॉगला एक फीड असतं, म्हणजे नव्या पोस्टची शीर्षकं, तारखा, लिंका यांची एक यादी, ती मशीनने वाचायची असते आणि पोस्ट टाकली की आपोआप वाढते. तुमच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत फीड एवढा शब्द टाका, ती दिसेल, ओबडधोबड दिसते पण घाबरू नका. इफ्ट, डिलिव्हरइट असल्या सेवा हीच यादी ठरावीक वेळाने वाचतात आणि नवीन काही दिसलं की तुमच्या खात्यांवर टाकतात. फुकटच्या योजनेत लगेच जात नाही, तास-तासभर लागू शकतो, पण तिफणीवरच्या पोस्टला तासाभराने काय फरक पडतो. माझं म्हणणं असं की भरवसा ठेवायचा तर ह्या फीडवर ठेवा कारण ते तुमच्या ब्लॉगचं आहे. गूगल प्लस ह्या गूगलच्या सोशल साइटवर ब्लॉगर ह्या गूगलच्याच ब्लॉग-सेवेतल्या पोस्टी किती छान आपोआप जायच्या, एप्रिल २०१९ मध्ये ते सगळं दुकानच बंद झालं. फीडबर्नर नावाच्या सेवेवरून वाचकांना ईमेल जायचे, ते २०२१ मध्ये थांबले. फीड मात्र जिथल्या तिथे आहे, एक सेवा गेली तर तेच फीड दुसऱ्या सेवेला द्यायचं, झालं.

फक्त एका खात्यासाठी दोन रस्ते ठेवू नका. मी एकदा जेटपॅकही चालू ठेवलं आणि फीडवाली सेवाही, दोन्ही एकाच पेजला, आणि महिनाभर प्रत्येक पोस्ट पेजवर दोनदा गेली. एका जुन्या वाचक बाईंनी फोन करून सांगितलं तेव्हा कळलं, तोवर काही जणांनी पेज अनफॉलो केलं होतं आणि ती माणसं परत आली नाहीत, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : ताई, मी नागपूरला कॉलेजला आहे, रेसिपीचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवरच. पोस्ट आपोआप शेअर होते पण लिंक इतकी घाण दिसते, नुसती टक्क्याची चिन्हं आणि आकडे, मैत्रिणी म्हणतात व्हायरस आहे का. आणि फोटो कधी येतो कधी नाही.

उत्तर : अगं व्हायरस नाही, ती तुझी मराठीच आहे! वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतं. देवनागरीतलं एकेक चिन्ह लिंकमध्ये टक्के, आकडे, इंग्रजी अक्षरं मिळून ९ खुणांचं होतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "आजीच्या हातची पुरणपोळी" हे बघ, मोजलं तर २० चिन्हं आहेत, त्याच्या झाल्या १८० खुणा आणि मधले दोन डॅश धरून १८२. वर्डप्रेस ह्या भागाला २०० च्या पुढे जाऊच देत नाही, म्हणून शीर्षक "आजीच्या हातची पुरणपोळी आणि कटाची आमटी" असेल तर लिंक "आणि"मधल्या "आ"वरच तुटते, आमटी बिचारी लिंकमध्ये येतच नाही. ब्राउझरमध्ये वर मराठी नीट दिसतं म्हणून आपल्याला कळत नाही, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की खरं रूप दिसतं.

उपाय सोपा आहे, शीर्षक मराठीतच ठेव, ते अजिबात बदलू नकोस, फक्त पब्लिश करायच्या आधी पर्मालिंकच्या, म्हणजे पोस्टच्या लिंकच्या, जागी इंग्रजी अक्षरांत "ajichi-puranpoli" लिही. सोळा खुणांत काम होतं. पण जुन्या पोस्टींच्या लिंका आता बदलत बसू नकोस, लोकांनी आधी शेअर केलेल्या असतील, त्या तुटायला नकोत.

फोटोचं असं आहे की लिंक शेअर झाली की फेसबुक, व्हॉट्सॲप ही मंडळी तुझ्या पानाच्या आत जाऊन ओपन ग्राफ नावाच्या खुणा वाचतात, शीर्षक कुठलं, फोटो कुठला ते तिथे लिहिलेलं असतं. तू घाईत आधी पब्लिश करून मग फीचर्ड इमेज, म्हणजे पोस्टचा मुख्य फोटो, लावतेस ना? मग ऑटो-शेअर तेवढ्यात निघून गेलेलं असतं आणि फेसबुक तेच बिनफोटोचं कार्ड लक्षात ठेवतं. म्हणून फोटो आधी लाव, आडवा लाव, १२०० बाय ६३० पिक्सेल असेल तर कुठे कापला जात नाही. आणि आधीच चुकीचं गेलं असेल तर फेसबुकचं शेअरिंग डीबगर म्हणून एक पान आहे, तिथे लिंक टाकून परत वाचायला सांगता येतं. इन्स्टाग्रामवर मात्र फोटोखाली लिहिलेली लिंक दाबताच येत नाही, तिथे बायोत लिंक ठेव.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, ब्लॉगरवर मराठीत लिहिते, वाचक निम्मे इथले निम्मे पुण्या-मुंबईचे. सकाळी ७ ची वेळ लावून पोस्ट शेड्यूल करते तर ती भलत्याच वेळी जाते.

उत्तर : ब्लॉगच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बघा, तिथे बहुतेक पॅसिफिक, म्हणजे कॅलिफोर्नियाकडची वेळ, असेल, तुम्ही स्वतः बदललं नसेल तर ब्लॉगर तोच धरतं. तुमच्या सकाळी ७ ला पुण्यात उन्हाळ्यात दुपारचे साडेचार वाजतात आणि नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेपाच. मी तर म्हणेन झोन भारताचा ठेवा आणि रात्री ८ ची वेळ लावा, म्हणजे तिकडे जेवणं उरकून लोक फोन घेऊन बसलेले असतात आणि तुमच्याकडे सकाळ असते. ब्लॉगरचं फीड हवं असेल तर पत्त्यापुढे फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट हे तीन शब्द इंग्रजीत, मध्ये स्लॅश देऊन.

पण शेड्यूल करून विसरून जाऊ नका. ऑगस्ट २०१९ मध्ये मी श्रावणातल्या गोडाधोडाची एक पोस्ट आधीच लावून ठेवली होती, ती ठरल्या वेळी सकाळी पेजवर गेली आणि त्या दिवशी सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. खाली पहिलीच कमेंट होती, "ताई आमच्या घरात गळ्याएवढं पाणी आहे." मी पोस्ट काढली, त्यांना फोन लावला, फोन लागला दुसऱ्या दिवशी. मशीनला पूर कळत नाही, ते आपल्याला बघावं लागतं. तेव्हापासून शेड्यूल थांबवायचं बटण कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येतं, तुम्हीही आजच शोधून ठेवा, आणि ऑटो-शेअरचं ॲप फोनवरही असू द्या.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. एकजण सॉफ्टवेअर विकतोय, व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपमध्ये ब्लॉगची लिंक एका क्लिकवर जाते म्हणतो. घेऊ का? त्याला नंबर आणि पासवर्ड द्यायचाय.

उत्तर : नका घेऊ, कळकळीने सांगते. असल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरने ढीगभर मेसेज टाकले की व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं, आणि त्याच नंबरवर तुमची घरची माणसं, बँक, गॅस सगळं आहे. आणि पासवर्ड तर कुणालाच नाही. चांगली सेवा पासवर्ड मागतच नाही, ती तुम्हाला फेसबुकच्या किंवा लिंक्डइनच्याच पानावर नेते आणि तिथे परवानगी विचारते, ती परवानगी नंतर सेटिंगमध्ये जाऊन काढताही येते.

आपोआपच हवं असेल तर टेलिग्रामवर चॅनल काढा. तिथे बॉटफादर नावाचा टेलिग्रामचाच बॉट, म्हणजे आपोआप काम करणारं खातं, आहे, त्याला मेसेज करून आपला बॉट बनवायचा, चॅनलचा ॲडमिन करायचा आणि फीड जोडायचं, बॉट बनवायला पैसे लागत नाहीत. बॉटफादर एक लांबलचक टोकन देतो, ती किल्ली समजा, तिचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका. व्हॉट्सॲपवरही चॅनल निघतं, तिथे लिंक आपली हातानेच टाका, ज्यांना हवं ते फॉलो करतील. आणि तुमच्या गावच्या ग्रुपमध्ये टाकायचीच असेल तर कोणती पोस्ट कुणाच्या कामाची आहे ते बघून टाका, आंब्याच्या मोहोरावरची बागायतदारांच्या ग्रुपला, एसटीच्या वेळांवरची कॉलेजच्या पोरांना, दोन मिनिटं लागतात आणि लोक ती उघडून वाचतात.