गोफणीतून सुटलेला गुंडा आणि ‘ट्रॅजेक्टरी’

प्रश्न : बाई, माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला आहे, सगळं इंग्रजीतून. ‘ट्रॅजेक्टरी’ या शब्दाशी ती अडली. शब्दकोशात ‘प्रक्षेपमार्ग’ मिळाला, पण हाच इंग्रजी शब्द पेपरात कुणाच्या करिअरबद्दल, कुठल्या कंपनीच्या नफ्याबद्दलही येतो. माझे वडील आधी तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, पुढं त्यांनी स्वतःचं किराणा दुकान टाकलं. त्यांच्यावरच्या निबंधात तिनं ‘आजोबांच्या आयुष्याचा प्रक्षेपमार्ग’ असं लिहिलंय. मला ते खटकतंय, पण का, ते सांगता येईना.
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. मी तीस वर्षं सीमाभागातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीनंतर मराठीतून एकदम इंग्रजीत जाताना मुलांची होणारी ओढाताण मी जवळून पाहिली आहे. शब्द पाठ होतो, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून आधी चित्र उभं करू.

आमचं रान निपाणीच्या पूर्वेला. शाळू हुरड्याला आला की आज्जा पाखरं राखायला माळ्यावर चढायचा आणि मी त्याला मातीचे गुंडे करून द्यायची. गोफणीच्या एका टोकाचा फासा त्याच्या बोटात अडकवलेला, दुसरं टोक नुसतं मुठीत दाबलेलं. डोक्याभोवती दोन-तीन गरके, मग मुठीतलं टोक सुटायचं, चाबकासारखा आवाज व्हायचा आणि गुंडा निघायचा. माझा गुंडा मात्र नेहमी अलीकडंच पडायचा. आज्जा म्हणायचा, “पोरी, पाखराकडं बघून मारू नगं. त्याच्या वरच्या आभाळाकडं मार. गुंडा जाता जाता खाली येतोय.”

ट्रॅजेक्टरीचा, म्हणजे फेकलेली वस्तू ज्या वाटेनं जाते त्या वाटेचा, सगळा धडा त्या एका वाक्यात आहे. टोक सुटलं की हाताचं काम संपलं. सुटताना किती वेग होता आणि दिशा कुठली होती, एवढंच गुंडा बरोबर घेऊन जातो. पुढं वाटेत त्याला दोघं भेटतात : पृथ्वीची ओढ आणि हवेचा अडथळा. ओढ नसती तर तो नाकासमोर सरळ गेला असता. त्या सरळ रेषेपासून तो पहिल्या सेकंदाअखेर ४.९ मीटर खाली आलेला असतो आणि दोन सेकंदांनी १९.६ मीटर. म्हणून आभाळाकडं मारायचं! हवेचा अडथळा सोडून दिला तर या वाटेचा आकार अन्वस्त, म्हणजे पॅराबोला होतो : वर चढून तशीच वाकत खाली उतरणारी कमान. गॅलिलिओनं १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे सिद्ध करून दाखवलं. सेकंदाला २० मीटर वेगानं, ४५ अंशांच्या कोनात फेकलेला दगड सुमारे १० मीटर उंच चढून ४१ मीटरच्या आसपास पडेल. त्याच वेगानं ३० आणि ६० अंशांत फेकलेले दोन दगड एकाच अंतरावर पडतात. मुलीला परसात पाण्याचा पाइप घेऊन हे करून बघायला सांगा. आकड्यांपेक्षा ते डोळ्यांना आधी पटतं. पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला गेलात तर तिथंही बघा. घटप्रभेचं पाणी कड्यावरून पुढं झेपावतं आणि वाकत खाली येतं, ती अर्धी अन्वस्त. नदीच्या पाण्याला वेग जितका जास्त, तितकं ते कड्यापासून लांब पडतं.

आता शब्द. ट्रॅजेक्टरी लॅटिनमधून आला : ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘याकेरे’ म्हणजे फेकणे. प्रोजेक्ट, रिजेक्ट, इंजेक्शन ही याच घरातली भावंडं. आपल्या ‘प्रक्षेप’मध्येही फेकणंच आहे, संस्कृत ‘क्षिप्’ धातूतून आलेलं. हस्तक्षेप, संक्षेप, आक्षेप हे त्याच कुळातले. ऑब्जेक्शन आणि आक्षेप तर जुळी भावंडं वाटतात, दोन्हींत समोरच्यावर काहीतरी टाकलेलं आहे. आपल्याकडं दोन भाषांचे पेपर शेजारी शेजारी पडलेले असतात. मराठी पेपर ज्याला क्षेपणास्त्र म्हणतो त्याला कन्नड पेपर ‘क्षिपणी’ म्हणतो. धातू एकच. मुलीला या शेजाराचा फायदा करून घ्यायला सांगा. एक शब्द कळला की दुसऱ्या भाषेतला अर्धा आपोआप कळतो.

एक चूक मात्र मला फार लागली होती. एका वर्षी सराव परीक्षेच्या पत्रिकेत ‘फेकलेल्या चेंडूची कक्षा काढा’ असं छापून आलं आणि वर्गातल्या हुशार मुलांनीसुद्धा चेंडूभोवती गोल काढले. त्यांचे गुण गेले. चूक त्यांची नव्हती. कक्षा म्हणजे पुन्हा पुन्हा फिरण्याची वाट, चंद्राची पृथ्वीभोवती असते तशी. ट्रॅजेक्टरी त्याहून व्यापक आहे. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला उडालं, काही दिवस पृथ्वीच्या कक्षेत फिरलं, ऑगस्टच्या सुरुवातीला चंद्राकडं झेपावलं आणि २३ ऑगस्टला उतरलं. त्यातल्या फेऱ्यांना कक्षा म्हणायचं. उड्डाणापासून उतरण्यापर्यंतची अख्खी रेघ काढली तर ती ट्रॅजेक्टरी. तिच्यात इंजिन चालू करून मुद्दाम बदललेली वळणंही आली, म्हणून तिथं मी नुसतं ‘मार्ग’ किंवा ‘प्रवासमार्ग’ म्हणेन. प्रक्षेपमार्ग हा शब्द फेकलेल्या वस्तूसाठी राखून ठेवावा.

तुम्हाला खटकलं ते इथंच. इंग्रजीत हा शब्द फेकण्याचा अर्थ मागं टाकून केव्हाच पुढं गेला. आता ‘काळाबरोबर एखादी गोष्ट कोणत्या दिशेनं गेली’ एवढ्यासाठीही तो चालतो. मराठीत ‘प्रक्षेप’ म्हटलं की फेकणारा हात अजून दिसतो. आजोबांना कुणी फेकलं नव्हतं. वखारीतली हमाली सोडून दुकान टाकायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, तेही वाटेच्या मधोमध. गुंड्याला मध्येच असं ठरवता येत नाही.

अशा ठिकाणी आपल्याकडं शब्दांची वाण नाही. माणसाची, संस्थेची ‘वाटचाल’. नफ्याचा ‘आलेख’ किंवा ‘चढती कमान’. पिकाच्या भावाचा ‘कल’. दुखणं कसं वाढत किंवा उतरत गेलं त्याला आमच्याकडच्या बायका ‘दुखण्यानं कसं वळण घेतलं’ म्हणतात, आणि मला तो शब्द डॉक्टरांच्या इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो. ‘चढती कमान’ तर बघा, तिच्यात अन्वस्ताचा निम्मा आकारच आहे.

निबंध सगळा बदलायला नको. तेवढ्या एका ओळीत ‘वखारीपासून दुकानापर्यंतची आजोबांची वाटचाल’ असं लिहू दे. आणि ते पोती उचलायचे तेव्हा दिवसाला किती उचलायचे, दुकान टाकायला पैसे कुठून उभे केले, हे तिनं आजोबांच्या शेजारी बसून विचारावं आणि पुढच्या ओळीत घालावं.