आजकाल लोक कपड्यांना इस्त्री करतात का?

करतात की, पण रोजच्या कपड्यांना करायचं प्रमाण खूप कमी झालंय असं मला तरी वाटतं. टीशर्ट, जीन्स, लेगिंग्ज यांना आमच्याकडे कोणीच करत नाही, ऑफिसचे शर्ट आणि सुती साड्या मात्र अजून इस्त्रीवाल्या काकांकडेच जातात, कारण खळ घातलेल्या साडीला त्यांच्या कोळशाच्या जड इस्त्रीने जी घडी बसते ती घरच्या हलक्या इस्त्रीने बसतच नाही. आजी सांगायची की तिच्या लहानपणी पितळेच्या तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे, नाहीतर घडी घालून रात्रभर गादीखाली, आणि ते गादीखालचं खरंच चालतं, मी हॉस्टेलवर असताना वर्षभर तेच केलं.

कॉटन चुरगळतं कारण पाणी लागलं की धाग्यातले बंध सुटतात आणि सुकताना कापड ज्या आकारात असेल तसेच परत जुळतात, म्हणून कपडे पिळून तासभर मशीनमध्येच ठेवू नका, लगेच जोरात झटकून हँगरवर वाळत घाला, अर्धं काम तिथेच होतं. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही त्यामुळे त्याला एवढा त्रास नाही.

विजेचं म्हणाल तर १००० वॉटची इस्त्री सलग तासभर तापली तर १ युनिट. २०२४ मध्ये सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने वीज वाचावी म्हणूनच सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायची मोहीम काढली होती, मला ती मनापासून आवडली, आमच्या ऑफिसातही कोणीतरी सुरू करायला हवी.