एकट्यानं हॅकेथॉनला उतरताना

हॅकेथॉनला, म्हणजे ठरावीक वेळात सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धेला, एआयच्या मदतीनं एकट्यानं उतरायचं ठरवलंस, चांगलं केलंस. पण आधी नियम वाच. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांचा संघ लागतो, त्यात किमान एक मुलगी. तिथं एकट्याला जागा नाही. एआय वापरायला मुभा आहे का, तेही बघ.

विषय आपल्या भागातला घे. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव करताना ओलावा बघतात, हमीभाव खरेदीत एरवी 12 टक्क्यांची मर्यादा असते. हे तुला घरातून माहीत आहे, एआयला ते तुलाच सांगावं लागेल. म्हणून कोड मागण्याआधी अर्धं पान मराठीत लिही: वापरणारा कोण, तो काय भरणार, त्याला काय दिसणार. तेच एआयला दे अन् आधी फक्त आराखडा माग.

मग एका वेळी एकच तुकडा. चालवून बघ, मुद्दाम चुकीची माहिती भरून बघ, आणि जमला की लगेच गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) कमिट कर, म्हणजे नोंदवून ठेव. हे कधीच टाळू नकोस. एआय एक चूक दुरुस्त करताना दुसरीकडचं चालतं काम मोडतं, आणि मध्यरात्री मागं जायला तेवढीच वाट असते. तीच चूक परत परत आली तर नवीन चॅट उघड. त्यानं सुचवलेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) खरोखर आहे का तेही तपास. कधीकधी नावच बनावट निघतं.

लाइट जाते, रेंज जाते, म्हणून डेमोचा व्हिडिओ आधीच काढून ठेव. परीक्षक कोडच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवतील. जी तुला समजावता येत नाही ती आदल्या रात्रीच एआयकडून समजून घे, नाहीतर काढून टाक.